गारी, होरी, खारी

नोव्हेंबर १८३०. मुंबईहून भरती साधून निघालेला मचवा पनवेलच्या खाडीत शिरला आहे आणि तुम्ही कडेला धरून उभे आहात. दोन्ही अंगांना चिखल आणि तिवरं, त्यापलीकडे मिठागरांचे चौकोन. बंदर दिसायच्या आधी ऐकू येतं. हमालांची हाकाटी, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, सुतारांचे घाव. इथले सुतार गाडीची चाकं करतात. घाटावरून धान्य घेऊन उतरलेला शेतकरी परत जाताना मीठ नेतो, सुकी मासळी नेतो आणि हाताशी पैसा असला तर चाकांची जोडी नेतो. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंपीरियल गॅझेटियर पनवेलचा मुख्य धंदा म्हणून याच चाकांची नोंद करील. याच महिन्यात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला आहे. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्याला आता मचव्याने पनवेल आणि पनवेलहून गाडीने घाट, असा सरळ मार्ग झाला आहे.

धक्क्यावर पाय ठेवता तोच एक पोरगा ओरडत पळत जातो, "चाक परला! चाक परला!" एक बाई विचारते, "काय झाला?" कोणीतरी सांगतं, "गारी कलली." तुम्ही जन्माने मराठी, तरी क्षणभर कान थबकतात. मग गारी म्हणजे गाडी, परला म्हणजे पडला, होरी म्हणजे होडी, खारी म्हणजे खाडी, असं एकामागून एक उलगडत जातं. बोलणारे आगरी आहेत. मीठ पिकवणारे, खारट जमीन बांध घालून भाताखाली आणणारे, खाडीची मासळी मारणारे. उरण, पनवेल, पेण, अलिबाग या सगळ्या खारपट्ट्याची ही बोली. आज आपण हिच्यासाठी आलो आहोत.

तुमच्याच मचव्यातून एक गोरा तरुण उतरतो. स्कॉटिश मिशनचा पाद्री, पुण्याला निघालेला. त्याच्या सोसायटीचा पहिला माणूस, डोनाल्ड मिचेल, १८२३ मध्ये कोकणात आला आणि बाणकोटला कामाला लागला. नंतर मिशनचं काम हर्णैला आणि मग पुण्याकडे सरकलं. गेल्याच वर्षी जॉन विल्सन मुंबईत उतरले आणि मराठी शिकण्यासाठी तडक कोकणात, हर्णै-बाणकोटला जाऊन राहिले. या मंडळींपैकीच जॉन स्टीव्हन्सन तीन वर्षांनी, १८३३ मध्ये, मराठीचं व्याकरण छापणार आहेत. तुमच्या शेजारचा तरुणही मनात विभक्त्या घोळवत उभा आहे. शास्त्रीबुवांनी शिकवलेलं वाक्य तो हमालापुढे काळजीपूर्वक मांडतो. हमालाला ते समजतं. हमालाचं उत्तर मात्र त्याला समजत नाही. तो वळून आपल्या मुनशीकडे पाहतो. मुनशी म्हणतो, "हे अशुद्ध बोलतात, साहेब."

पाद्र्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहा. हे वाक्य त्याने आधी ऐकलेलं आहे, दुसऱ्या देशात, स्वतःच्या आईच्या बोलण्याबद्दल.

त्यासाठी एक्कावन्न वर्षं मागे आणि पार उत्तरेला जायला हवं. ॲबर्डीन, १७७९. थंडगार दगडी वर्गात तुम्ही मारिशल कॉलेजच्या बाकावर बसला आहात आणि जेम्स बीटी हे नामांकित प्राध्यापक विद्यार्थ्यांना एक छापील यादी देत आहेत. तीत दोनशे स्कॉटपणाचे प्रयोग आहेत, लिहिताना-बोलताना टाळायचे. तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूमने अशीच यादी १७५२ मध्येच केली होती. १७६१ मध्ये थॉमस शेरिडन एडिनबरोला आला तेव्हा शुद्ध इंग्रजी उच्चार शिकायला शहरातले प्रतिष्ठित लोक गर्दी करून बसले. ज्या लोकांनी त्या शतकात युरोपला अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं, ते आपल्या घरच्या जिभेची लाज बाळगत होते. मला हे इतिहासातलं एक मोठं दुःख वाटतं.

कारण ती भाषा, स्कॉट्स, कालपरवाची नव्हती. जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या शाखेतून ती वाढली. १३७५ मध्ये जॉन बार्बरने तिच्यात आपल्या राजाचं महाकाव्य रचलं. पंधराव्या शतकात स्कॉटलंडच्या संसदेचे कायदे तिच्यात लिहिले जात. मग १६०३ मध्ये राजा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला आणि दरबार घेऊन लंडनला गेला. १६११ मध्ये त्याच्याच नावाचं बायबल निघालं, इंग्रजीत. रविवारी प्रार्थनामंदिरात देव इंग्रजी बोलू लागला की सोमवारी घरातल्या भाषेची पत उतरते. १७०७ मध्ये संसदही गेली. तीन धक्क्यांत एक राजभाषा बोली झाली, आणि दोन पिढ्यांत बोलीची चूक झाली. तिचं व्याकरण मात्र जागचं हललं नव्हतं.

वर्गाबाहेर या. रस्त्यावरचं बोलणं ऐका. इंग्रजीत 'व्हॉट', इथे 'फिट'. प्रश्नार्थक शब्दांच्या आरंभी ॲबर्डीनकडे 'फ' येतो आणि नेमाने येतो. नकार क्रियापदालाच चिकटतो: 'कॅन्ना', 'डिन्ना'. इंग्रजीने जवळचं आणि लांबचं अशी दोनच दर्शकं ठेवली. स्कॉट्सने तिसरं 'योन' जपलं, त्याहूनही पलीकडच्यासाठी. इंग्रजीने गमावलेला घशातला 'ख' इथे शाबूत आहे. आणि एक नियम तर असा सूक्ष्म आहे की तो बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही: कर्ता सर्वनाम असून क्रियापदाला लागून आला तर क्रियापदाचं एक रूप, कर्ता नाम असला तर दुसरं. शिक्षक याला चूक म्हणत राहिले. मग १८७३ मध्ये हॉइकच्या शाळेत शिकवलेल्या एका माणसाने, जेम्स मरे यांनी, स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या बोलींवर ग्रंथ लिहिला आणि हा नियम जुन्या हस्तलिखितांपर्यंत मागे नेऊन दाखवला. शेतकऱ्याच्या तोंडची 'चूक' कित्येक शतकं जुनी निघाली. हेच मरे पुढे ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक झाले.

आता परत या, पण सरळ पनवेलला येऊ नका. वाटेत अलिबागजवळ अक्षीला उतरा. समुद्राच्या वाऱ्यात एक माणूस दगडावर अक्षरं कोरतो आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार हे शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. केसिदेवराय या राजाच्या प्रधानाने दिलेल्या दानाचा हा लेख, आणि कालनिर्देश असलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांपैकी एक. तो पुण्यात नाही, पैठणात नाही. खारपट्टीच्या शेजारी, भरतीच्या पाण्याच्या आवाजात आहे. कोरणारा माणूस घरी जाऊन कशी मराठी बोलत असेल ते दगड सांगत नाही. मराठी मात्र या किनाऱ्यावर पाहुणी म्हणून आलेली नाही, एवढं त्या दगडापुढे उभं राहिलं की कळतं.

पनवेलला पोचता तेव्हा एकोणिसाव्या शतकाची मधली वर्षं आहेत. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण निघालं. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तिच्या आरंभी मराठी भाषेवर निबंध लिहिला आहे त्याच जॉन विल्सन यांनी. लॉडर या सरहद्दीवरच्या स्कॉट गावात वाढलेला माणूस मराठीच्या घडणीबद्दल मराठ्यांना सांगतो आहे. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका झाली. शाळा आल्या, क्रमिक पुस्तकं आली, आणि पुस्तकांत जी मराठी होती ती पुण्याच्या शिकलेल्या घरांतली. स्कॉटलंडात जे बायबलने केलं ते इथे क्रमिक पुस्तकाने केलं. वर्गात डोकावा. आगऱ्याचं पोर उभं राहून "पानी" म्हणतं. मास्तर म्हणतात, "पाणी." पोर पुन्हा म्हणतं, "पानी." छडी उठते. मुंबईची रेल्वे १८५३ ला ठाण्यापर्यंत, १८५६ ला खोपोलीपर्यंत गेली आणि १८६३ मध्ये घाट चढली. पनवेल बंदराची वर्दळ ओसरली. छडी मात्र पुढची शंभर वर्षं उठत राहिली.

१८८२ मध्ये एका टेबलापाशी थांबा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा भाग छापून आला आहे. पनवेल अजून ठाण्यात आहे, पुढच्या वर्षी कुलाब्यात जाईल. संकलक जेम्स कॅम्बेल, जन्म ग्लासगोजवळच्या पार्टिकचा. पुन्हा स्कॉट. जाती, पिकं, बंदरं, किल्ले, मिठागरं यांचं एवढं दाट वर्णन या जिल्ह्याचं कोणी आधी केलं नव्हतं, आणि मी हे ग्रंथ कृतज्ञतेने वाचतो. पण आगरी माणूस त्यात मिठाच्या रकान्यात आहे, जातीच्या रकान्यात आहे. त्याचा आवाज त्यात नाही.

आवाज येतो तो शतक संपता संपता. जॉर्ज ग्रिअर्सन या आयरिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या सगळ्या भाषांची पाहणी मांडली होती. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून घ्यायची, अशी रीत. कुलाब्याच्या एका कचेरीत तुम्ही कारकुनाच्या पाठीशी उभे राहा. समोर एक आगरी म्हातारा उकिडवा बसला आहे. कारकून गोष्ट सांगतो, एका माणसाला दोन मुलगे होते, आणि म्हातारा ती आपल्या तोंडाने परत सांगतो. कारकुनाचा टाक थबकतो. हात सवयीने 'ड' लिहायला जातो, म्हातारा 'र' म्हणतो. एका क्षणी कारकून स्वतःला आवरतो आणि ऐकतो तसं लिहितो. पाहणीच्या हजारो पानांचा पाया अशा क्षणांचा आहे. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, नॉर्वेच्या स्टेन कोनो यांच्या हातचा, आणि त्यात कोकणातल्या मराठीच्या प्रकारांत कोळी, कुणबी यांच्या पंगतीला आगरी आली. अशुद्ध म्हणून नाही, स्वतःच्या रूपांसह.

ती रूपं इथेच नीट बघून घेऊ, कारण यांच्यासाठीच तर प्रवास केला. गाडी-गारी, होडी-होरी, घोडा-घोरा, लाडू-लारू. 'ड' चा 'र' होतो. मग डोळा? तो 'डोला'. 'रोला' कधीच नाही. म्हणजे शब्दाच्या आरंभीचा 'ड' टिकतो, दोन स्वरांमध्ये सापडलेला 'ड' वितळतो. चार वर्षांचं आगरी पोर हा नियम चुकत नाही, आणि त्याला तो कोणी शिकवलेला नसतो. 'ळ' चा 'ल', 'ण' चा 'न': काला, शाला, पानी, कोन. यातही एक संगती आहे. टाळूला जीभ मागे वळवून काढायचे हे ध्वनी, आणि आगरी जीभ ते पुढे घेते. 'इ'च्या आधीचा 'व' गळतो: वीस तो ईस, विचार तो इचार, विस्तव तो इस्तू. मला नाही, मना. आणि सर्वांत खोल बदल लिंगाचा. प्रमाण मराठीत 'काय झालं', 'पाणी आलं', 'नाव काय तुझं'. आगरीत 'काय झाला', 'पानी आला', 'नाव काय तुजा'. नपुंसकलिंगाचा प्रत्यय पुल्लिंगासारखा झाला. भाषांच्या इतिहासात हे वारंवार घडतं. हिंदीने नपुंसकलिंग सोडलं, फ्रेंचने सोडलं, आणि त्यांना कोणी अशुद्ध म्हणत नाही.

नात्यांकडे या, तिथे आगरीची ऐट आहे. आयस, बापूस, दादूस, भाऊस. प्रमाण मराठी बोलणाऱ्याला 'दादूस' हा गाण्यातला शब्द वाटतो. आगऱ्याच्या घरात तो रोजचा आहे, आदर आणि जिव्हाळा एका हाकेत. खाडीच्या एका काठाहून दुसऱ्या काठाला हाक बदलते. भिवंडीची आगरी वेगळी लागते, अलिबागची वेगळी. ऑर्कनी-शेटलंडची स्कॉट्स नॉर्स बोलीच्या अवशेषांनी वेगळी ओळखू येते, अगदी तसंच.

आता ऐंशी वर्षं एका उडीत ओलांडा. १७ मार्च १९७० ला सिडको ही शहर उभारणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४. जासईच्या बाजूला रस्ता माणसांनी भरला आहे. याच जासईचे दि. बा. पाटील या जमिनींसाठीच्या आंदोलनाचे नेते. पोलिसांचा गोळीबार होतो, दोन दिवसांत पाच शेतकरी मरतात. तुम्ही शेताच्या बांधावर दबून बसला आहात आणि शेजारची बाई पोराला छातीशी धरून हाका मारते आहे, आयस म्हणून, बाय म्हणून, देवीचं नाव घेऊन. त्या घटकेला तिच्या तोंडी कोणती भाषा आहे? जिच्यात ती जन्मली ती. त्या हुतात्म्यांमुळे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं, आणि देशभर ते उदाहरण म्हणून सांगितलं जातं. जमिनीचा मोबदला काही प्रमाणात तरी मोजला गेला. जमिनीबरोबर गेलेले शब्द कुणीच मोजले नाहीत.

ते शब्द कुठे जातात तेही पाहा. खारबंदीच्या बांधात उघाडी असते, भरतीचं पाणी अडवणारी आणि ओहोटीला शेतातलं पाणी सोडणारी झडप. उघाडी गेली की तिच्या फळ्यांची, खिळ्यांची, तिच्याशी जागणाऱ्या माणसाची नावं गेली. उधाण आणि भांग हे भरतीचे दोन स्वभाव तिथीवरून ओळखणारे लोक घड्याळ पाहू लागले. मिठागरात पाणी एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत नेताना त्याच्या दाटपणाच्या पायऱ्यांना शब्द होते. निवटी ही मासळी पकडायची रीत चिखलाशी बांधलेली, चिखल भरावाखाली. बोली हवेत तरंगत नसते, कामाला धरून राहते. म्हणून फक्त 'बोली जपा' म्हणून ती जपली जात नाही.

शेवटचा मुक्काम आजचा. पनवेल २०१६ पासून महानगरपालिका आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला इथल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे ही गावं त्याच्यासाठी उठली. पुनर्वसनातल्या एका घरासमोर मांडव आहे, हळदीचा दिवस. बेंजोचा आवाज थांबवून मधोमध एक म्हातारी बसली आहे. ही धवलारीण. आगरी लग्नाचे विधी तिच्या तोंडच्या धवल्यांनी, म्हणजे लग्नगीतांनी चालतात, आणि कित्येक पिढ्या तिच्यासारख्याच बायकांनी ते तोंडी पुढे नेले. पोथी नाही. चूक काढायला मास्तर नाही. खरंतर पनवेलच्या आगरीचं विद्यापीठ कुठे असेल तर ते इथे आहे, या पाटावर, आणि त्याच्या प्राध्यापक बायका आहेत. गॅझेटियरवाल्यांना आणि ग्रिअर्सनच्या कारकुनांना या मांडवात बोलावणं नव्हतं.

स्कॉटलंडातही अशीच वाट चालली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅरी लॉडर रंगभूमीवर स्कॉट्स गाऊन जगप्रसिद्ध झाला आणि लोकांना वाटू लागलं, ही भाषा हसवायलाच असते. आपल्या मालिकांत, व्हिडिओंत आगरी पात्र आलं की प्रेक्षक आधीच हसायला तयार असतात. ते मला दरवेळी लागतं. पण तिकडे काही माणसं हसण्यापलीकडे गेली. १९३१ पासून स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी निघू लागली, १९७६ मध्ये पुरी झाली. १९४९ मध्ये एडिनबरोला भाषिक पाहणी सुरू झाली. जनगणनेत प्रश्न आला तेव्हा, २०११ मध्ये, पंधरा लाखांहून अधिक लोकांनी लिहिलं की आम्ही स्कॉट्स बोलतो. २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या नव्या संसदेने गेलिकबरोबर स्कॉट्सलाही कायद्याने अधिकृत दर्जा दिला. बीटींच्या यादीला तोवर जवळजवळ अडीचशे वर्षं झाली होती.

आपल्याकडे कामाला हात घातलेली माणसं आहेत. अ. मा. घाटगे यांनी साठच्या दशकात बोलींची पुस्तकं काढली, कुडाळीचं १९६५ मध्ये. गणेश देवी यांच्या भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी संपादला. डेक्कन कॉलेजने २०१७ पासून राज्यभर गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रणं केली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात ठरली, तेव्हा ती अक्षीच्या किनाऱ्यासकट ठरली, असं मी मानतो. आता पाळी आगरी घरांतल्या शिकलेल्या मुलांची आहे, आणि या प्रवासात तुम्हाला मुद्दाम आणलं ते म्हणूनच. बाहेरचा पाद्री तुम्ही नाही.

धवलारीण श्वास घ्यायला थांबली आहे. फोनवर ध्वनिमुद्रण चालू करा आणि तिच्याजवळ खाली बसा. तिला उघाडीच्या फळ्यांची नावं विचारा. ती क्षणभर आठवते, मान हलवते. "मना ती नाय म्हाईत. त्या बापसाला इचार, त्यो मिठागराव काम करं." कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला एक म्हातारा हात वर करतो. हळदीच्या गोंगाटात काही ऐकू येणार नाही, असं त्याचं म्हणणं. उद्या सकाळी आठला त्याच्या ओसरीवर यायचं ठरतं, आणि येताना वही आणायची, कारण त्याला चित्र काढून दाखवायचं आहे.